मामाने घेतलेली चाचणी

ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटेल. माझा मामा, सख्खा, आईचा धाकटा भाऊ, माझ्याच ऑफिसात आहे, त्यामुळे तिथे सगळेच त्याला मामा म्हणतात, अगदी आमच्या साहेब मॅडमसुद्धा. त्याने एक सॉफ्टवेअर लिहिलंय, मशीनला शिकवताना तिच्या चुका कमी कमी करत नेणारं. फुकट, सगळ्यांसाठी खुलं, कोणीही घ्या, कोणीही सुधारा. मी शाळेत होते तेव्हापासून तो दुसरं काही करतच नाही. मामी त्या सॉफ्टवेअरला सवत म्हणते.

तर मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या एका टीमचं नवं सॉफ्टवेअर आलंय, दोन्ही पोसणं जमणार नाही, चाचणी घ्या, वेगवान असेल ते ठेवू. मामाचं हरलं तर त्याची नोकरीही गेली, हे काही कोणी लपवलं नाही. आणि चाचणी घेणार कोण, तर मामाच, हाताखाली मी, कारण बाकी कोणाला ती जमत नाही.

आणि आम्ही जिंकलो की. चांगलं दणकून जिंकलो. मी आलेख घेऊन मॅडमकडे निघालेच होते, तर मामा म्हणाला, "थांब. त्यांचं एवढं हळू नसणार."

"असेल हळू. आपल्याला काय?"

"सुरू होताना ते तयारी करतं, बघ. ती एकदाच करायची. इथे दर फेरीला करतंय."

"ते कसं चालवायचं ते मी त्यांनीच दिलेल्या नमुन्यावरून घेतलंय."

"मग नमुना चुकलाय त्यांचा."

"मामा, कोणाला कळणारे?"

"मोजमाप चुकीचं आहे गं."

बास, एवढंच. मी विनवलं, भांडले, मामीचं नाव काढलं, आणि हा आपला माझ्या शेजारी खुर्ची ओढून ती तयारीची ओळ फेरीबाहेर काढतोय. पुन्हा चालवलं. हरलो. थोडक्यात नाही, सपशेल. वर त्यांचा नमुना दुरुस्त करून त्यांनाच पाठवला. त्यांनी घेतला आणि खाली नुसता अंगठा टाकला.

मॅडमनी आलेख बघितला, म्हणाल्या, "अपेक्षितच होतं." मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाने टेबलाखालून माझा पाय दाबला.

आता जायच्या आधीचं त्याचं काम काय, माहितीये? त्याचं सॉफ्टवेअर काढून नवं कसं बसवायचं, ते लोकांसाठी लिहायचं. आणि लिहितोय पण किती निगुतीने. कोणीतरी खाली विचारलंय, इतकं हळू होतं तर इतकी वर्षं आमच्या गळ्यात का मारलंत? मामाने उत्तर दिलंय, क्षमस्व.

काल त्याच्याकडे गेले होते. मामी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "तू होतीस ना तिथे? इतकं वाईट होतं का गं त्याचं?"

म्हटलं, नव्हतं.

"मग हरलं कसं?"

खरं सांगितलं तर ती त्याला आयुष्यभर माफ करणार नाही, आणि नाही सांगितलं तर त्याला कमी समजत राहील. आतल्या खोलीत मामा फोनवर कोणाला तरी नवं कसं बसवायचं ते समजावत होता, अगदी शांतपणे, पहिल्यापासून.