पुठ्ठ्याचं भोक आणि चव्वेचाळीस अनुभव

दृष्टी देणारी शक्ती सर्वज्ञ असते. तिच्यापासून काहीही लपून राहत नाही. आमच्या मंचावर ती एका मंगळवारी अवतरली आणि बुधवारी पासवर्ड विसरल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आली.

मंचाचं नाव 'चष्मेबहाद्दर'. चष्मा लागलेल्या, लागू घातलेल्या आणि लागूनही न लावणाऱ्या माणसांनी इंटरनेटवर जमून एकमेकांच्या नंबरांची चौकशी करण्याची ही जागा. सभासद अडीच हजार. फ्रेम नाकावरून घसरते त्याला उपाय काय, नवऱ्याला खरंच दिसत नाही की बघायचंच नाही, असल्या विषयांवर तिथे गंभीर चर्चा चालत. मंचाचा संचालक मी. सगळे मला 'पंतोजी' म्हणत, कारण मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

मंचाची एक रीत मीच घातली होती. प्रत्येकाने आपल्या नावाखाली चष्म्याचा पूर्ण नंबर लिहायचा. नंबर नाही तर प्रवेश नाही. जाहिरातवाले, टवाळ आणि भामटे बाहेर राहावेत हा हेतू. नवा अर्ज आला की मी नंबर तपासून मंजुरी देई. तपासून म्हणजे तिथे आकडे आहेत एवढं बघून.

तर ही शक्ती. मंचावरचं नाव 'दृष्टिदाता'.

"बंधुभगिनींनो!" तिची पहिली पोस्ट सुरू झाली. "चष्मा हा डोळ्यांचा तुरुंग आहे! मी बारा वर्षं गुहेत अंधाराची साधना केली. अखेर अंधारानेच मला प्रकाशाची वाट दाखवली!"

वाट म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचं एक कार्ड. मधोमध बारीक छिद्र. चष्मा काढायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्याने रोज वीस मिनिटं त्या छिद्रातून बघायचं. "छिद्रातून वैश्विक किरण गाळून येतात. मळ बाहेर राहतो, तेज आत जातं." कार्ड टपालाने घरपोच. देणगी ऐच्छिक, फक्त आधी पाठवायची.

"गुहेत इंटरनेट होतं का हो?" खाली कोणीतरी विचारलं. हा 'काचघाशा'. याचं चष्म्याचं दुकान होतं, तीस वर्षं काचा घासण्यात गेली होती, आणि सगळ्यांशी तो त्याच पद्धतीने बोलत असे.

त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. अनुभवांचा पूर लोटला होता. 'सुगृहिणी' लिहीत होती, "माझा उणे चारचा चष्मा गळून पडला!" 'निवृत्त पोस्टमास्तर' लिहीत होते, "पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला, तोही सासूबाईंच्या देखत." पोस्टमास्तरांचं वय ब्याऐंशी होतं. सासूबाई अजून देखत होत्या, हा त्यातला मोठा चमत्कार कोणाच्याच ध्यानात आला नाही. महिन्याभरात त्रेचाळीस नवे सभासद आले आणि प्रत्येकाने येताच एक अनुभव सांगितला. जुने सभासद धडाधड पत्ते पाठवू लागले. "माझ्यासाठी दोन." "आईसाठी एक, तिला ऐकूही कमी येतं, उपयोग होईल का?" "होईल," दृष्टिदात्याने उत्तर दिलं.

मग काचघाशाने 'सुगृहिणी'च्या अनुभवाखाली लिहिलं, "या बाईंच्या नंबरात ॲक्सिस दोनशे चाळीस आहे. अशी काच मी जन्मात बनवलेली नाही. ही बाई आहे की छताचा पंखा?"

त्याच दुपारी मला दृष्टिदात्याचं खाजगी पत्र आलं. "पंतोजी, आपल्यासारख्या विद्वानाच्या मंचावर एका भगिनीबद्दल ही भाषा?"

भगिनी हा शब्द मी वाचला. विद्वान हा शब्द मी दोनदा वाचला. काचघाशाची पोस्ट पुसून टाकली आणि त्याला सहा महिन्यांसाठी मंचाबाहेर काढलं. सभ्यतेच्या बाबतीत मी फार कडक आहे. ॲक्सिस म्हणजे काय हे त्याला विचारण्याइतका मात्र कडक नव्हतो.

दोन दिवसांनी मला टपालाने कार्ड आलं. फुकट.

आता खरं सांगतो. मी चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि कार्ड दुसऱ्या डोळ्याशी धरलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर चष्म्याशिवाय मला नेहमी भिजलेल्या कागदासारखं दिसतं. छिद्रातून त्यावरची तारीख दिसली. वार दिसला. खाली छापखान्याचा पत्तासुद्धा दिसला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. जो माणूस वर्गात वीस वर्षं "एका उदाहरणावरून नियम काढू नका" असं फळ्यावर लिहीत आला, त्याने एका कॅलेंडरवरून नियम काढला आणि त्याच आवेशात चव्वेचाळिसावा अनुभव लिहिला. मला चुरचुरीत लिहिता येतं अशी माझी ख्याती आहे. तिला जागून मी शेवट केला, "डॉक्टरांनी मला वीस वर्षं चष्मे दिले, या पुठ्ठ्याने वीस मिनिटांत नजर दिली."

वाक्य गाजलं. चारशे लोकांनी धन्यवाद दिले. दृष्टिदात्याने ते आपल्या जाहिरातीच्या माथ्यावर लावलं.

पाच महिन्यांनी मी ताईच्या दुकानात गेलो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. कपडे शिवते. तिला सहा वर्षांपासून काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर गुपचूप कडेकडेने कुरतडली जाते. त्यावर सकाळ-संध्याकाळ थेंब. एवढं केलं की दाब आटोक्यात राहतो.

मी पँटची उंची वाढवून घ्यायला गेलो होतो. ताई मशीनवर वाकलेली. तिच्या डाव्या हाताला एक बाई उभ्या होत्या.

"झाला का ब्लाउज?" बाई म्हणाल्या.

ताई दचकली. कोपर लागून कात्री खाली पडली. "अगंबाई! कधी आलात?"

"दहा मिनिटं झाली. तुमच्याकडे बघून हसलेसुद्धा मी."

बाई गेल्यावर ताई कात्री शोधू लागली. कात्री तिच्या पायाशी डावीकडे होती. ती उजवीकडे चाचपत होती. तिच्या डाव्या दंडावर एक काळानिळा वळ होता.

"हे काय लागलं?"

"दाराची चौकट. हल्ली मेली मध्येच येते."

"ताई, थेंब घालतेस ना?"

ती हसली. मशीनच्या दिव्याला दोऱ्याने एक काळं कार्ड बांधलेलं होतं, ते तिने सोडून माझ्यापुढे धरलं. "थेंब कशाला? यातून बघ, सगळं कसं लख्ख दिसतं. मी मंचावर दृष्टिदात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, थेंब म्हणजे डोळ्यांच्या कुबड्या. टाका. चांगले पाच महिने झाले."

मी तिला तसाच डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी ताईला एका यंत्रासमोर बसवलं. समोरच्या पडद्यावर कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभा होतो. मधे ठिपके चमकले, बटण वाजलं. डावीकडे ठिपके चमकले. बटण वाजलं नाही. पुन्हा चमकले. ताई शांत बसून होती, पुढचा ठिपका कधी येतो याची वाट बघत. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"किती परत येईल?" मी विचारलं.

"काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. आहे ते राखू. थेंब आजपासून सुरू." मग ताईकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "सोडायच्या आधी एक फोन करायचात, बाई."

"तुम्ही चष्मे देता, ते नजर देतात असं वाचलं होतं," ताई म्हणाली. तिने मुद्दाम टोमणा मारला नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

तिथून मी थेट काचघाशाच्या दुकानात गेलो. तो काच घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"या पंतोजी. इथे असभ्य भाषा चालते, आधीच सांगतो."

मी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि ताईचं सगळं सांगितलं. त्याने एका जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, टाचणीने भोक पाडलं आणि माझ्या हातात दिला. "चष्मा काढा. ती समोरची पाटी वाचा."

वाचली. अगदी लख्ख.

"मी गुहेत गेलेलो नाही," तो म्हणाला. "चष्मा लागलेल्या डोळ्यात किरण चहूबाजूंनी शिरतात आणि नीट एका जागी जमत नाहीत, म्हणून धूसर दिसतं. भोक बारीक केलं की मधले चार किरण तेवढे आत जातात. पसरायला वावच नाही. म्हणून चित्र स्वच्छ. कोणाही चष्मेवाल्याला दिसतं. पुठ्ठा काढला की पुन्हा आंधळी कोशिंबीर. डोळा जिथल्या तिथे. नजर तपासताना आम्ही रोज वापरतो हे."

"आणि काचबिंदू?"

आता त्याने काच खाली ठेवली. "भोकातून फक्त मधलं दिसतं, सर. काचबिंदूत जाते ती कड. त्या माउलीची कड जात होती आणि ती रोज वीस मिनिटं मधलं बघून खूश होत होती."

मी कार्ड उलटं करून ठेवलं. मग विचारलं, "तो ॲक्सिस काय प्रकार आहे?"

त्याने एक पट्टी काउंटरवर आडवी ठेवली. "काही चष्म्यांत काच तिरपी बसवावी लागते. किती तिरपी, तो हा आकडा." त्याने पट्टी फिरवली, अर्धी फेरी होताच ती होती तशी आडवी झाली. "बघा. एकशेऐंशीला पट्टी परत तिथेच. म्हणून आकडा एकशेऐंशीच्या पुढे जातच नाही. ज्याला खरंच असा चष्मा लागलाय, त्याच्या कागदावर हा आकडा बरोबरच असतो. ज्याने नंबर मनाने रचलाय, तो घसरतो."

मी त्याच्याच संगणकावर बसून सभासदांची यादी उघडली. पहिला भक्त: ॲक्सिस एकशेनव्वद. दुसरा: दोनशे. तिसरा: दोनशे दहा. भक्तागणिक दहा अंश वाढत गेले होते. त्रेचाळिसाव्याचा ॲक्सिस सहाशे दहा. त्याच्या काचेने एक प्रदक्षिणा पूर्ण करून दुसरी सुरू केली होती. प्रत्येक नावाखाली लिहिलं होतं: 'नंबर तपासला. – पंतोजी.'

"सहाशे दहा," काचघाशा म्हणाला. "दाराला कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि चोराला या बसा म्हणणारेही तुम्हीच."

मी तिथूनच सगळं मंचावर मांडलं. टाचणी, पुठ्ठा, आकडे, ताईचे सुटलेले थेंब. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. "मी बारा वर्षं साधना केली आहे! मी कोणालाही थेंब सोडायला सांगितलं नाही!" उत्तर 'सुगृहिणी'च्या नावाने आलं होतं. घाईत कोणत्या दारातून आत आलो हे शक्तीला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस खाती गप्प झाली: एक दाता आणि त्रेचाळीस भक्त. काचघाशाला मी मानाने परत बोलावलं. "मानाचं राहू द्या," त्याने लिहिलं, "पंख्याबद्दल माफी मागणार नाही."

आता उपदेश. द्यायचा मला अधिकार नाही, पण चूक ज्याची, त्यालाच खड्डा कुठे आहे ते ठाऊक असतं. कोणी चमत्कार सांगितला तर तो घरच्या टाचणीने होतो का ते पाहा. अनुभव सांगणारा माणूस आहे का, हे त्याच्या एखाद्या रोजच्या, कंटाळवाण्या तपशिलावरून तपासा. थापाड्या चमत्कार चोख रचतो आणि चष्म्याच्या नंबरात अडकतो. शंका घेणाऱ्याची भाषा उद्धट असेल, तर आधी शंकेचं उत्तर द्या आणि मग भाषेचं बघा. आणि चालू औषध, कोणाचंही वाक्य वाचून, ते कितीही चुरचुरीत असलं तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

हे सगळं लिहून मी ताईला वाचून दाखवायला गेलो. मशीन तिने भिंतीकडे सरकवून घेतलं होतं, गिऱ्हाईक उजवीकडूनच येईल असं. मी माफी मागितली. पुष्कळ शब्द वापरून मागितली.

"पुरे रे शहाण्या," ती म्हणाली. "थेंब सोड असं तू थोडंच लिहिलं होतंस?"

"पण त्या त्रेचाळीस खोट्या अनुभवांना मी आत घेतलं, ताई. त्यांनीच तुला फसवलं."

ती दोरा ओवत होती. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

"छे," ती म्हणाली. "ते मला पहिल्याच दिवशी खोटे वाटले होते. मी फक्त तुझा वाचला."