लाभ, दोन, तीन

साहेब, तुम्ही चोर आहात. गाडीला सरकारी रंग आणि हातात काठी असली म्हणून चोराचा साव होत नाही. तुम्ही कुठल्या खात्याचे ते तुम्ही सांगितलं नाही, आणि काठीला कुणी विचारलं नाही. आज मी विचारतो.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं मापटं आहे. पितळेचं, अर्ध्या शेराचं. शेर म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती अजून सांगतील. सध्या माझा मुक्काम अंबरनाथ पूर्वेला, एका भल्यामोठ्या दुकानाच्या काचेत आहे. खाली पेंढा, वर दिवा, पोटात तांदूळ. तो तांदूळ डिंकानं चिकटवलेला आहे. उलटं केलं तरी दाणा पडायचा नाही. माझ्यासारख्याची याहून मोठी विटंबना काय असणार?

मला कल्याणच्या एका तांबटानं ठोकून घडवलं. पालेगावच्या चांगुणाबाईनं मला भाताच्या बदल्यात घेतलं आणि दुकानातून हलायच्या आधी माझ्या पोटावर नाव घालून घेतलं. बारीक ठिपक्यांची अक्षरं, ‘चांगुणा धाऊ, पालेगाव’. तिला वाचता येत नव्हतं. अंधारातसुद्धा बोट फिरवून ती मला ओळखायची. ती गेल्यावर मी तिच्या सुनेच्या, सुंदराबाईच्या हाती आलो.

सुंदराबाई घरच्या शेतातला झिनी तांदूळ पाटीतून डोक्यावर घेऊन यायची आणि गोबिंदरामच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसायची. गोबिंदराम उल्हासनगरचा सिंधी. रोज ओरडायचा, “अम्मा, मेरे ही दरवाजे पे बैठ के मेरा चावल नहीं बिकने देती!” आणि ओरडून झालं की तिच्यासाठी चहा सांगायचा.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. अंजनी पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. नवरा कारखान्यात, नवीनच बिऱ्हाड, पैसा जपून वापरणारी बाई. तिनं सुंदराबाईचा हात धरला.

“ओ मावशी, एक कुठं गेला? मला येडी समजता का?”

“एक गेला खड्ड्यान! लाभ बोल, पोरी. तुज्या घरान लाभ येल.”

बाजूच्या बाया हसल्या. सुंदराबाईनं मला शीग लावून भरलं, वर मूठभर तांदूळ आणखी टाकला. अंजनी ओशाळली. “असं देत बसलात तर तुम्हाला काय उरणार?”

“तू उरशील ना, परत येवाला.”

आणि अंजनी परत आली. वर्षानुवर्षं आली. सत्त्याऐंशीत आली, नव्वदात आली, पोरीच्या बारशाला सुंदराबाईलाच बोलावून गेली.

मग सत्त्याण्णव साली समोरच्या जागेत हे दुकान उभं राहिलं. अशी त्यांची मुंबईत आणखी दुकानं आहेत म्हणे, म्हणून त्याला साखळी म्हणतात. गोबिंदराम पायरीवर उभा राहून बघायचा. “साईं, ये दुकान नहीं, अजगर है. पहले सोयेगा, फिर खायेगा.” लोक मात्र खूष होते. खोटं कशाला बोलू? आत गारवा असणार, खडे निवडायला नकोत, कुणी वस्सकन अंगावर येणार नाही. अंजनीसुद्धा हळूच म्हणाली, “मावशी, उघडलं की एकदा बघून तर येते.”

“जा गो बाय. बगाला काय पैसे लागत नाय.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब, तुम्ही आलात. रस्ता मोकळा पाहिजे होता. गोबिंदराम म्हणाला, “सीढी मेरी है, वो मेरी अम्मा है, बैठने दो.” तेव्हा तुमची नजर माझ्यावर गेली.

“हे काय? याच्यावर शिक्का कुठाय? बेकायदेशीर माप आहे. जप्त!”

“सासूचं नाव हाय ना त्यावर! आनि शिक्का कशाला पायजे?”

“ऑफिसात ये.”

ती गेली. एकदा नाही, चपला झिजेपर्यंत गेली. असं काही आमच्याकडे आलंच नाही, म्हणाले. बरोबरच. मी तिकडे गेलोच नव्हतो. तुमच्या गाडीतून मी थेट या दुकानाच्या मागच्या दारी उतरलो. तिच्या हातात बेकायदेशीर होतो, इथं शोभेचा झालो. बाजूला पाटी लावली, ‘अस्सल गावरान’. आणि चांगुणाचं नाव भिंतीकडे फिरवलं.

दिवाळीच्या आधी सुंदराबाई काचेसमोरून जाताना थबकली. तशीच दार ढकलून आत शिरली. मॅनेजर धावला. “ए मावशी, किधर? टोकरी बाहर!”

“माजा मापटा हाय तो.”

“वो डेकोरेशन है.”

“तुजा आजा डेकोरेशन! फिरव त्याला, नाव हाय.”

आत अंजनी होती. हातात प्लास्टिकची टोपली, टोपलीत तांदळाची पिशवी. सुंदराबाईनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. अंजनीनं टोपली खाली ठेवली, पुढे होऊन मला फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “चांगुणा धाऊ, पालेगाव. ही हिची सासू. द्या तिचं तिला.”

मॅनेजर हसला. “मॅडम, इसका बिल है क्या?”

सुंदराबाई म्हणाली, “सासूचा बिल अस्तो का रं, भाड्या?”

दुकानातली माणसं हसली. पण मला कुणी दिलं नाही. वॉचमननं तिला दंडाला धरून बाहेर नेलं. अंजनी टोपली तिथेच टाकून तिच्यामागे गेली.

मित्रांनो, माझ्यासारखी मंडळी शेवटी सांगतात, जुन्या वस्तू जपा. मला जपलंय की! रोज फडक्यानं पुसतात, लख्ख आहे मी. असलं जपणं जळो. वस्तू जिच्या हातातली, तिच्या हातात राहू द्या.

सुंदराबाई अजून येते. समोर त्याच पायरीवर बसते, तुमच्या गाडीवर एक डोळा ठेवून. तुपाच्या पत्र्याच्या डब्यानं मोजते. काचेतून मला ऐकू येत नाही, पण तिचे ओठ दिसतात. ‘लाभ’ म्हणताना ओठ शेवटी मिटतात. आता पहिल्या मापाला तिचे ओठ मिटत नाहीत. ती ‘एक’ म्हणते.

तर साहेब, तुमच्या गाडीतून मी या काचेत कसा आलो, ते सोडा, सगळ्यांना कळलंय. मला एवढंच सांगा. तिच्या तोंडचा तो लाभ कुणाच्या घरी पोचवलात? शिक्का मारून सांगा. मी इथंच आहे.