बहरीनचा हापूस

एकोणऐंशी साली मधुसूदन कर्णिकांना बहरीनमध्ये बँकेत नोकरी मिळाली, सलमानिया वस्तीत अंगण असलेलं घर मिळालं, आणि त्या अंगणात काय लावायचं याचा विचार करता करता त्यांची अक्कल चरायला गेली.

शेजारच्या हमीदाभाभी मूळच्या दापोलीच्या. त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरून सल्ला दिला होता. "नलिनीताई, इथलं पाणी खारं, जमीन खारी, ऊन हे असलं. बोगनवेल लावा, कण्हेर लावा. दोन महिने जपायचं आणि मग विसरून जायचं." कर्णिकांच्या बायकोला, नलिनीला, ते लगेच पटलं. तिला दारात चार रंगीत फुलं हवी होती, एवढंच. कर्णिकांना मात्र कण्हेर या शब्दाचाच अपमान वाटला. ती तर ठाण्यात गटाराच्या कडेलाही येते! समुद्र ओलांडून आलेल्या माणसाने कण्हेर लावायची? त्यांना हापूस हवा होता. बहरीनमध्ये हापूस पिकवणारा पहिला मराठी माणूस आपण होणार, असं त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला जाहीरही करून टाकलं. पिकलं काहीच नव्हतं, पण टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनी घात केला.

पहिल्याच रजेत रत्नागिरीहून कलम आलं. सोबत पिशवीभर तांबडी माती आली, का तर कलमाला परकं वाटू नये. तिच्यासाठी जागा करायला नलिनीच्या आईने दिलेले लाडू बॅगेतून बाहेर निघाले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माती हुंगली, कर्णिकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि "यल्ला, यल्ला" म्हणत पुढे चला असा हात हलवला. वेड्याच्या नादी कोण लागतो?

मग कलमाचे लाड सुरू झाले. नळाला यायचं ते मचूळ पाणी. प्यायचं गोडं पाणी कॅनमधून विकत यायचं. त्यातला एक कॅन कलमाचा. नलिनीने मचूळ पाण्याने न्हायचं, आणि केस गळतात म्हटलं की "खोबरेल लाव जरा जास्त" हे ऐकायचं. उन्हाळ्यात कलमाभोवती ओली गोणपाटं आली, डोक्यावर चटईचं छप्पर आलं. कर्णिक बँकेतून आले की टायसुद्धा न सोडता आधी अंगणात. "आज तजेला दिसतोय, नाही?" ते विचारायचे. पानांच्या कडा करपून तपकिरी झालेल्या असायच्या. नलिनी "हो" म्हणायची. त्या उकाड्यात वाद घालायला अंगात त्राण तरी हवं.

पहिला उन्हाळा कलमाने कसाबसा काढला. दुसरा तोंडावर आला तेव्हा नलिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मे महिन्यात, ठाण्याला. नलिनी हरखली. पैठणीला ऊन दाखवून झालं, बहिणीसाठी मोत्यांच्या कुड्या घेऊन झाल्या. आणि एका रात्री जेवताना कोशिंबीर वाढून घेत कर्णिक म्हणाले, "यंदा रजा नको म्हणून कळवलंय ऑफिसात. मे-जूनमध्ये कलमाकडे कोण बघणार?"

"अहो, सुलभाचं लग्न आहे!"

"तार करू की छानशी. आपल्या दोघांच्या नावाने."

नलिनीने हातातला घास ताटात ठेवला. "इथलं पाणी मलाही मानवत नाही. ऊन मलाही लागतं. मला कुणी कधी ओलं गोणपाट गुंडाळलं?"

"तू काय झाड आहेस?" कर्णिकांनी विचारलं. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं.

"नाही ना. असते तर गोडं पाणी मिळालं असतं."

ती उठली, कलमाचा कॅन उचलला, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी घातली. वर्षभरात पहिल्यांदा तिने गोड्या पाण्याने केस धुतले. शिकेकाई डोळ्यांत गेली, रडूही आलं, आणि तिने दोन्ही होऊ दिलं. बाहेरून कर्णिकांचा आवाज आला, अगदी काकुळतीला आलेला. "अगं, थोडं तरी ठेव कलमाला!"

एकटीने लग्नाला जायचं, हे ताटावरून उठताना तिच्या मनातही नव्हतं. ते तिथे ठरलं.

लग्नाच्या पंगतीत मावशी आमरस वाढत नलिनीपाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय गं, जावईबापू कुठे राहिले?" आजूबाजूच्या माना वळल्या. रजा मिळाली नाही, एवढं म्हणणं पुरे होतं. आखातातले सगळेच तसं म्हणतात आणि लोक विश्वासही ठेवतात. नलिनीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण नवऱ्याची अब्रू राखण्याचा तिला एकाएकी मनस्वी कंटाळा आला.

"आंब्याची राखण करतायत," ती म्हणाली.

मावशींची पळी हवेतच थांबली. "अगंबाई! तिकडे आंबे होतात?"

"नाही होत," नलिनी म्हणाली, आणि तिने वाटी पुढे केली.