दुसरी बरणी

थेरॉनने पुढच्या सीटवर गोधडी अंथरली, तिच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि मगच आईसाठी दार उघडून धरलं. आयडेला रविवारची पांढरी टोपी सांभाळत आत बसली. मग तिने दोन्ही हातांनी, परक्याच्या घरचं लावावं तसं, दार हळूच ओढून घेतलं. ते काही नीट लागलं नाही.

"अगं, जोरात आपट. काही होत नाही त्याला," थेरॉन म्हणाला. "कारखान्यात दिवसभर मी तेच करतो. दारं बसवायची आणि आपटून बघायची."

"राहू दे बाबा. तूच लाव."

दर ऑगस्टात हे असंच व्हायचं. चर्चच्या वार्षिक मेळाव्याच्या रविवारी कामासाठी उत्तरेकडे गेलेली सगळी लेकरं मिसिसिपीला घरी येत, आणि त्यांत सगळ्यात उठून दिसायचा तो डेट्रॉइटहून येणारा थेरॉन. कारण त्याच्या बुडाखाली चौसष्ट सालची कॅडिलॅक असायची. फिकट निळी, आत पांढरं कातडं, आणि लांबी इतकी की गावातल्या रस्त्यावर ती वळवायची म्हणजे कोणाच्या तरी अंगणात शिरावंच लागे. कोंबड्यांनाही ते आता सवयीचं झालं होतं.

गाडी त्याची नव्हती. ती होती मिसेस स्टॉलवर्थची. तिच्या वरच्या खोलीत थेरॉन भाड्याने राहायचा. नवरा गेला होता; गाडी तिला चालवता येत नव्हती आणि विकवतही नव्हती. दर रविवारी थेरॉनने तिला चर्चला न्यायचं आणि त्या बदल्यात ऑगस्टातला एक आठवडा गाडी घेऊन जायचं, असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी गाडी अंगणात थांबली तेव्हा त्याचा मावसभाऊ क्लीटस ओरडला होता, "आपल्या थेरॉनने कॅडिलॅक घेतली!" थेरॉन काही बोलला नव्हता, नुसता हसला होता. ते हसू तो सहा वर्षं निस्तरत होता.

आता तेही संपणार होतं. सप्टेंबरात मिसेस स्टॉलवर्थचा पुतण्या शिकागोहून येऊन गाडी नेणार होता. थेरॉनने निघतानाच ठरवलं होतं की आईला सांगायचं, पुढच्या वर्षी रजा मिळणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आठवडा सरत आला तरी ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं.

चर्चच्या आवारात झाडाखाली टेबलं मांडली होती. क्लीटस ताट हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"काय रे, याहून लांब नव्हती मिळाली? पुढचं टोक इथे पोचलंय, मागचं अजून टेनेसीतच असेल!"

"हात पूस आधी," थेरॉन म्हणाला. "चिकनचं तेल लावशील तिला."

"बघा! भाऊ आला डेट्रॉइटहून, आणि काळजी कोणाची, तर पत्र्याची!"

सगळे हसले, थेरॉनही हसला. मग त्याने दोन म्हाताऱ्यांना घरी सोडलं, पाद्रीबाबांच्या नातवंडांना हॉर्न वाजवू दिला. गाडी हळू चालवत तो प्रत्येक ओसरीला हात करत गेला आणि प्रत्येक ओसरीवरून हात हलले. त्याला ती गाडी हवी होती हे खरंच, पण त्याहून हवाहवासा वाटायचा तो तिच्यातून उतरणारा माणूस. डेट्रॉइटमध्ये त्या माणसाला कोणी ओळखत नव्हतं. इथेही यानंतर तो कोणाला दिसणार नव्हता.

सोमवारी सकाळी आयडेलाने त्याला वाटेत खायला चिकन तळून बुटांच्या खोक्यात भरलं आणि वरून मक्याच्या पावाचे तुकडे ठेवले. थेरॉनने खोकं नेऊन डिकीत ठेवलं, खाली वर्तमानपत्र घालून. मग ती अंजिराच्या मुरंब्याच्या दोन बरण्या घेऊन आली. त्यांतली एक नेहमीसारखीच फुलाफुलांच्या फडक्यात बांधलेली होती.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बहुतेक रजा..."

"ही नीट ठेव. फडक्यातली." तिने बरणी त्याच्या हातात दिली. "या खेपेला तरी तिला पोचव."

"कोणाला?"

"जिची गाडी आहे तिला."

ओसरीवरचं मांजर उतरून गाडीच्या सावलीत जाऊन बसलं.

"दर वर्षी देतेय," आयडेला म्हणाली. "तिने एकदाही उलट निरोप धाडला नाही, तेव्हा वाटलं, मोठी बाई असेल, नसेल आवडत अंजीर. पोचवलीस ना रे?"

"मला वाटलं, दोन्ही माझ्याच."

"खाल्ल्यास?"

"हो."

"सहाच्या सहा?" तिने कपाळाला हात लावला. "अरे खादाडा! आणि मी इथे त्या बिचारीला नावं ठेवतेय!"

तिला हसू आवरेना. थेरॉनला मात्र हसता येईना. त्याचे कान तापले होते, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर तापायचे तसे.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या बापाचा ट्रक आठव. त्यात तुम्ही कलिंगडं खाल्लीत, कुत्री नेलीत, एकदा डुक्कर नेलंत. स्वतःच्या वस्तूला माणूस असंच वागवतो. आणि या गाडीत सहा वर्षांत तू पावाचा एक तुकडा मोडला नाहीस. मला बसवायचं तर खाली गोधडी! तेव्हा म्हटलं, कोणाची तरी आहे; आत अत्तराचा वास, म्हणजे बाईचीच. आणि जिची कोणाची आहे, ती माझ्या मुलावर भरवसा टाकतेय. मला त्याचंच बरं वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खूष दिसायचास."

थेरॉनने बरणी डिकीत ठेवली, परत उचलली आणि पुढच्या सीटवर नेऊन ठेवली. मग गाडीकडे बघतच तो म्हणाला, "ती जाणार आहे, आई. पुढच्या महिन्यात. आता मला मिळणार नाही."

"बरं झालं."

"बरं काय झालं?"

"गाडी वर्षातून एकदा मिळायची, म्हणून तू वर्षातून एकदा यायचास." आयडेलाने हात एप्रनला पुसले, ते कोरडेच होते. "बसमधून पण माणसं पायांनीच उतरतात, थेरॉन. मी बघितलंय."

मग तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, सोडला आणि घरात गेली. निरोपाला ती कधीच अंगणात थांबत नसे.

हमरस्त्याला लागायच्या आधी हॅचरचं दुकान लागतं. बस तिथेच थांबते. दर वर्षी थेरॉन तिथून जाताना हॉर्न वाजवायचा आणि मागे धूळ ठेवून पुढे जायचा. या वेळी त्याचं लक्ष दुकानासमोरच्या बाकाकडे गेलं. बाकाच्या एका टोकाला एक लहानशी उशी होती, बसून बसून चपटी झालेली. तिला निळ्या चौकड्यांचं ठिगळ होतं. त्याने गाडी थांबवली. ते त्याच्याच जुन्या शर्टाचं होतं, त्याला चांगलं आठवत होतं. घर सोडताना तो खुंटीवर राहिला होता.

त्याने खाली उतरून उशी हातात घेतली.

"ठेव ती तिथेच," म्हातारा हॅचर झाडू थांबवून म्हणाला. "तुझ्या आईची आहे. दर शुक्रवारी येते, बसते, बस येऊन गेली की घरी जाते. कोण यायचंय म्हणून विचारलं तर म्हणते, कोणी नाही, नुसतं आज कोण आलं ते बघायला आले."

थेरॉनने उशी होती तिथे ठेवली. हाताने जरा फुगवली, तर ती पुन्हा बसली. मागे गाडीचं इंजिन चालूच होतं, आवाज येतो न येतो इतकं हळू. ते बंद करायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हॅचरकाका," तो म्हणाला, "नाताळात पण असते का हो ही बस?"

"बसला कसला आलाय नाताळ?" हॅचर पुन्हा झाडायला लागला. "ती रोजच येते."