राखेची पेटी आणि दोन तांबे

होडीच्या कडेला ठेवलेल्या पितळी तांब्यातले पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त बोटभर खाली उतरत असे. ऑक्टोबरचे ऊन, सावली काय ती शिडाची, आणि पाणी उतरे ते बोटभर. त्यातलेही थोडे उन्हानेच उडून जात असावे. शेजारी दुसरा तांब्या असे. तो तर जवळजवळ काठोकाठच राही. होडीच्या चारही बाजूंना उजनी धरणाचे नवे पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेले, आणि होडीतल्या दोन बायका मात्र तहानलेल्या. मी हे रोज पाहत होते.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. सध्या एका शेडच्या कोपऱ्यात पडून आहे आणि माझ्यावर कांद्याची पोती रचलेली आहेत. येणारेजाणारे मला कांद्याचीच पेटी समजतात. मीही तसेच समजू देते, कारण खरे सांगायची मला अजून लाज वाटते. पण आज सांगते. मी संडासाची पेटी आहे. नाक दाबू नका. मला वास येत नाही, आणि पूर्वीही येत नव्हता. का, ते पुढे कळेलच.

माझ्या फळ्या बाभळीच्या आहेत. गावाबाहेरच्या ओढ्याकडेला बाभळींचे दाट बन होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला गावातल्या बायका तांब्या घेऊन तिकडे येत. आमचे काटे टोचत, तरी आमचा आडोसा त्यांना हवा असे. पुढे धरण झाले. पाणी येणार म्हणून लोकांनी घरांची दारे काढून नेली, तुळया काढल्या आणि आम्हालाही तोडले. मग पाणी आले आणि गाव गेले. पाण्याच्या कडेला उरला तो नुसता गाळ आणि सपाट उघडा माळ. त्यावर एक झुडूपही नव्हते.

गावातल्या हिंदुरावाने जुनी मोठी होडी दुरुस्त करून घेतली. गिरणीतल्या जाड मांजरपाटाचे शीड शिवले आणि या काठावरची माणसे, जनावरे, माल तो पलीकडे पोचवू लागला. त्याची आई बजाबाई आणि बायको वच्छला दोघी त्याच्याबरोबर असत. दिवस उजाडायच्या आत होडी सुटे आणि अंधार पडल्यावर काठाला लागे. मुक्कामही पुष्कळदा होडीवरच. पुरुषांचे कसेही भागे. बायकांनी काय करावे, हे कुणी कुणाला विचारले नाही. त्या दोघींनी पाणी पिणे सोडले.

उन्हाळ्यात वच्छलाला ताप येऊ लागला. लघवीला आग होई, ओटीपोटात कळ येई. तिने बरेच दिवस अंगावर काढले. शेवटी हिंदुरावाने तिला मोडनिंबच्या दवाखान्यात नेले. तिथल्या सिस्टर विजयमालाबाईंनी तपासून विचारले,

"पाणी किती पिता दिवसाचं?"

वच्छला खाली मान घालून म्हणाली, "प्यालं तर जायचं कुटं, बाई? चारी बाजूंनी उघडं हाय."

 बाईंनी औषध दिले आणि नीट समजावून सांगितले. लघवी अशी अडवून धरली आणि पाणी प्यायले नाही, तर ताप पुन्हा पुन्हा येईल. असेच वर्षानुवर्षे चालले तर मूत्रपिंडे कायमची अधू होतील. तेव्हा जायला जागा करा. औषध त्यानंतरचे.

जागा कशी करायची, यावर नवराबायकोचे बरेच दिवस बोलणे चालले. मागच्या टोकाला फळीला भोक पाडून खाली पाण्यात सोडून देणे सोपे होते. पण त्याच होडीच्या दुसऱ्या बाजूने तांब्या बुडवून पाणी भरले जाई, आणि काठावरच्या बायका त्याच पाण्याच्या घागरी नेत. वच्छलाला ते पटले नाही. नुसती बादली ठेवावी, तर होडी डोलली की सांडणार, आणि वास तर येणारच. वच्छलाने लहानपणी सोलापुरात मावशीच्या गल्लीत टोपल्यांचे संडास पाहिले होते. ते उपसणाऱ्या बाईकडे कुणी बघत नसे, तेही तिने पाहिले होते. "आपलं दुसऱ्यानं उचलायचं न्हाय," एवढे तिने ठरवून टाकले होते.

सिस्टरबाईंनी तिसरा मार्ग सांगितला होता. पातळ आणि घट्ट एकत्र आले की ते कुजते आणि वास सुटतो. दोन्ही वेगळे ठेवले आणि घट्टावर दर वेळी ओंजळभर कोरडी राख टाकली, तर ओल राहत नाही आणि माश्या बसत नाहीत. डबा भरला की तो शेतातल्या खड्ड्यात रिकामा करून मातीने झाकायचा. वर्षभर हात लावायचा नाही. मग जे निघते ते कुणालाही ओळखू येत नाही. ती काळी, भुसभुशीत मातीच असते.

हिंदुरावाने आमच्या फळ्या धोंडप्पा सुताराकडे नेल्या आणि माप सांगितले. पुढे नरसाळे बसेल असे बारीक भोक, त्यामागे मोठे गोल भोक, आत दोन वेगळे डबे राहतील एवढी जागा आणि वर घट्ट झाकण. धोंडप्पाने पेन्सिल कानावर ठेवली.

"एवढं मोठं भोक कशाला, पाटील? घागर बसवायची का काय?"

"व्हय व्हय, घागरच."

"आन फुडचं?"

"ते... तांब्याला."

"घागरीच्या फुडं तांब्या! मग पंगतच बसवा की," असे म्हणत धोंडप्पाने करवत उचलली.

मित्रांनो, माझा जन्म असा झाला. कुठलीही वस्तू तिचे काम सांगून घडवतात. मला मात्र खोटे सांगून घडवले. मला तेव्हाच वाटले, माझ्यात काहीतरी न सांगण्यासारखे असावे.

होडीवर मला मागच्या टोकाला ठेवले, पुढे दोरी बांधली आणि तिच्यावर निळ्या चौकड्यांची सोलापुरी चादर टाकली. डोलकाठीशी देवाची तसबीर असलेल्या होडीत संडास सासूला चालणार नाही, म्हणून वच्छला म्हणे, ही लुगडे बदलायची जागा. पण बजाबाईची नजर बारीक. पहिल्याच दिवशी तिने विचारले,

"हिंद्या, त्या पेटीत काय रं?"

हिंदुराव गडबडला. पीठ म्हणावे तर ती उघडून बघणार. कपडे म्हणावे तरी बघणार. तो म्हणाला, "अवजारं हाईत, आये. आन होडीला लावायचं डांबर. हात लावू नगंस, काळं हुतील."

बजाबाईने हात लावला नाही. अशी मी अवजारांची पेटी झाले.

पुढचे काही महिने माझ्या कामाचे होते. वच्छला दुपारी चादरीआड येई, मुकाट्याने बसे, राख टाके, झाकण लावी. तिच्या तांब्यातले पाणी हळूहळू अर्ध्याखाली जाऊ लागले. ताप थांबला. हिंदुराव डबा काखोटीला मारून आपल्या उरलेल्या शेताच्या तुकड्यात जाई आणि कुणी विचारले तर "चुलीतली राख टाकतोय," म्हणून सांगे. मी कामाला येत होते. पण माझ्याबद्दल बोलताना दोघेही आवाज खाली करीत आणि माझ्याकडे थेट कधी बघत नसत. कामाला येऊनही लाज वाटते हे मी तिथे शिकले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी माणसे आपापल्या अवजारांची पूजा करतात. बजाबाईने वल्ह्यांना, शिडाच्या काठीला, नांगराच्या दोरखंडाला हळदकुंकू लावले. आणि मग ती माझ्याकडे वळली. अवजारांची पेटी वगळून कसे चालेल? तिने चादर बाजूला केली, माझ्या झाकणावर कुंकवाची पाच बोटे ओढली, झेंडूची माळ घातली आणि वाकून नमस्कार केला. वच्छला आणि हिंदुराव दगडासारखे उभे होते.

मित्रांनो, कसे सांगू? त्या दिवशी मी रिकामी नव्हते.

एवढ्यावर भागले असते तरी मी सोसले असते. पण बजाबाई म्हणाली, "ही पेटी आल्याधरनं वच्छीचा ताप गेला, गिऱ्हाईक वाढलं. लई गुणाची पेटी. हिला कोपऱ्यात कशाला टाकलीय?" तिने मला ओढून डोलकाठीशी, देवाच्या तसबिरीखाली नेले आणि रोज माझ्यावर दिवा लावू लागली. हिंदुरावाने ती शेतावर गेल्याची संधी साधून डबा रिकामा केला, धुतला, ताजी राख भरून ठेवली. पण मला परत मागे नेण्याचे धाडस त्याला झाले नाही. "उद्या सांगतो," तो बायकोला म्हणे. "तुमी नगा, मीच सांगते उद्या," ती म्हणे. उद्या येई आणि जाई. माझ्यासमोर उदबत्ती जळत राही. वच्छलाचा तांब्या पुन्हा भरलेलाच राहू लागला, आणि दसरा होऊन थोडे दिवस होतात तोच तिला पुन्हा कणकण आली.

झेंडूच्या माळेखाली बसून मी तिला बघत होते. खोटा मान किती जड असतो, हे ज्याला मिळाला त्यालाच कळते. म्हणून तुम्हाला माझे एकच मागणे आहे. एखादी वस्तू ज्या कामासाठी केली असेल त्या कामाला तिला लावा. तिच्या कामाचे नाव मोठ्याने घ्या. राख टाका, झाकण लावा, वेळच्या वेळी रिकामी करा. पण तिला लपवू नका, आणि तिची पूजाही करू नका. आपल्या घरातली बाई पाणी का पीत नाही, हे एकदा तिला विचारा.

आता त्या दिवसाचे सांगते.

दुपारी पलीकडे जायला बिरप्पा धनगर आपली मेंढरे घेऊन आला. बरोबर त्याची म्हातारी आई बाळाबाई. होडी मध्यावर आली आणि वारा पडला. शीड लुगड्यासारखे लोंबू लागले. हिंदुराव आणि बिरप्पा वल्ही मारू लागले, पण होडी जड, काठ लांब. मेंढरांनी होडीत जागोजाग आपले काम उरकून घेतले. बिरप्पा हसून म्हणाला,

"आमच्या मेंढरांचं बरं हाय. कुणाला इचारायचं काम न्हाय."

बायकांपैकी कुणी हसले नाही. बाळाबाई मघापासून चुळबुळत होती. ती वच्छलाजवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, "पोरी, काठ किती लांब हाय अजून? मला काय दम निगंना."

ते बजाबाईने ऐकले. ती समजुतीने म्हणाली, "सोसा जरा, आक्का. बाईमाणसाला सोसावंच लागतंय. मी बी सकाळधरनं तशीच बसलीया. रोजच बसती. म्हणून तर पान्याला तोंड लावत न्हाय."

वच्छलाने मान वळवून दुसऱ्या तांब्याकडे पाहिले, त्या काठोकाठ भरलेल्या. इतके दिवस तिला वाटत होते, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. तिचा चेहरा उतरला. ती उठली, माझ्यावरचा दिवा उचलून खाली ठेवला आणि माळ काढू लागली.

"अगं अगं, काय करतीस? अवजाराची पेटी हाय ती!"

"अवजारं न्हाईत हितं, आत्या."

"मग काय हाय?"

वच्छलाचे ओठ कोरडे पडले होते. पण ती मोठ्याने म्हणाली, "संडास हाय."

वल्ही थांबली. बिरप्पाने तोंड फिरवले आणि तो मेंढरे मोजू लागला. मला वाटले, फळ्या निखळून पाण्यात पडाव्यात.

"हिंद्या, ही काय म्हंती?"

"खरं म्हंती, आये."

"आन मी हळदीकुकू लावलं! दिवा लावला! नातू दे म्हणून गाऱ्हाणं घातलं की रं हिच्याफुडं!"

"बायांनो," बाळाबाई पोट धरून म्हणाली, "भांडान मागनं करा. आदी मला बसू द्या."

वच्छलाने चादर उचलली. एक टोक डोलकाठीला अडकवले. दुसरे धरायला कुणी नव्हते. पुरुषांना कसे सांगणार? बजाबाई क्षणभर तशीच उभी राहिली. पाहुण्या बाईची अब्रू होती. तिने पुढे होऊन ते टोक हातात घेतले आणि तोंड पाण्याकडे करून उभी राहिली.  मी खालून फक्त तिची पावले पाहत होते. टाचा भेगाळलेल्या, घट्ट रोवलेल्या.

बाळाबाईला वच्छलाने राख दाखवली. तिने ती टाकली, झाकण लावले आणि बाहेर येऊन अशी काही बसली की जणू डोक्यावरचा भाराच उतरवला.

बजाबाईने चादरीआड डोकावून एकदा हुंगले. पुन्हा हुंगले.

"वास कसा न्हाय?"

"राख हाय, आत्या. वल राहत न्हाय."

ती माझ्याजवळ बसली. पुसट झालेल्या कुंकवाच्या बोटांकडे तिने पाहिले. डोळे मिटता आले असते तर मी ते मिटले असते. मग तिचा हात माझ्या फळीवरून फिरला आणि एका गाठीपाशी थांबला.

"ही बाभळ कुटली रं, हिंद्या?"

"आपल्या वड्याकडची. बनातली."

बजाबाईचा अंगठा त्या गाठीवर फिरत राहिला. लग्न होऊन आल्यापासून म्हातारपणापर्यंत ती त्या बनात येत होती. आम्ही तिला ओळखत होतो. तिने आम्हाला आता ओळखले. वारा अजून पडलेलाच होता. होडी जागच्या जागी होती.

मग ती उठली. डोईवरचा पदर तिने नीट केला, आणि मेंढरांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"वच्छे, चादर धर. आन माझा तांब्या दे हिकडं. मला लई तान लागलीया."