गणूची झोप

अनुया ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. म्हणजे नक्की कोण, हे पनवेलच्या बेघरांच्या निवाऱ्यात कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी तिला दुखरे गुडघे दाखवी, कुणी नोकरी मागे. विस्कटलेल्या माणसाला रोजच्या जगण्याची घडी पुन्हा बसवून देणं हे आपलं काम, असं सांगून सांगून ती थकली होती.

गणूची घडी झोपेपाशी अडली होती. उरणचा हा कोळी भावाशी भांडून घराबाहेर पडला, तो थेट पनवेलच्या एस.टी. स्टँडवर येऊन राहिला. रात्रभर पिशवी कवटाळून जागायचं आणि दिवसा मिळेल त्या सावलीत पेंगायचं. पेंगणाऱ्याला काम कोण देणार?

"रस्त्याव झोपला तो संपला, मॅडम," तो म्हणायचा. "माजी चादर आनि आधार कार्ड झोपेतच गेलं."

अनुया हट्टाला पेटली. त्याचा संध्याकाळचा चहा तिने बंद केला. दुपारी डोळा लागू नये म्हणून त्याला जाळं विणायला बसवलं. पिशवीसाठी कुलपाचं कपाट मिळवलं आणि किल्ली त्याच्याच गळ्यात बांधली. हळूहळू गणू असा घोरू लागला की शेजारच्या खाटांवरून तक्रारी आल्या. त्या तक्रारी ऐकून अनुया हरखून गेली.

निवाऱ्यातली त्याची मुदत संपत आली, तेव्हाच संस्थेचे विश्वजीत सर आनंदाची बातमी घेऊन आले. उलव्यात एका नव्या इमारतीवर वॉचमन हवा होता. राहायला खोलीही होती.

"पाळी कुठली?" अनुयाने विचारलं.

"रात्रीची. अहो, इतकी वर्षं रात्री जागून काढल्यात त्याने. याहून अनुभवी माणूस कुठे मिळणार?"

"सर, आत्ता कुठे तो झोपायला लागलाय."

"मग दिवसा झोपेल की! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तुम्ही खोट काढू नका."

अनुयाला हे पटलं नाही. पण चालून आलेल्या खोलीला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. गणूच्या गळ्यात हार घालून फोटो काढले गेले.

आठवडा उलटायच्या आत गणू परत आला. खुर्चीत बसल्या बसल्या त्याला गाढ झोप लागली होती आणि चोरांनी इमारतीतल्या तांब्याच्या तारा नेल्या होत्या. नोकरी गेली, तिच्याबरोबर खोलीही गेली. इथली खाट तर केव्हाच दुसऱ्याला दिली होती.

चेहरा मात्र टवटवीत होता. "जेवलो की डोले मिटतात बगा. तुमी शिकवलंत ते पक्कं बसलंय."

अनुयाला स्वतःचा भयंकर राग आला. "आता कुठे जाणार, गणू?"

"स्टँडवरच." त्याने पिशवी छातीशी धरली. "तवा पुना जागा ऱ्हायला शिकवा, मॅडम. अंधार पडायच्या आत जमंल ना?"

अनुयाने डोळे पुसले. उठून तिने स्वतःच बंद केलेला संध्याकाळचा चहा त्याच्यासाठी कडक करून ठेवला.