उलटं ठेवलेलं छत

इमारतींची मॉडेल करणाऱ्या माणसाच्या हाताला एक खोड असते: छत कधी चिकटवायचं नाही. भिंती पक्क्या, खांब पक्के, जिने पक्के. छत मात्र डब्याच्या झाकणासारखं अलगद निघालं पाहिजे. बघायला येणारी मोठी माणसं उभ्यानं, वरून बघतात. त्यांना आतलं दिसायला हवं. ताईनं एकतीस वर्षं हेच केलं होतं. शाळा झाल्या, इस्पितळं झाली, एक कोर्ट झालं. दर बैठकीत तिची छतं उचलली गेली, टेबलावर उलटी पडली, आणि त्यांच्यात कुणी चष्मा ठेवला, कुणी पेन. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. तिची खोली मागच्या अंगाला, गोदामाला लागून. उत्तरेची खिडकी, लांबलचक टेबल, सरसाची वाटी, चिमटे, काचपेपरचे तुकडे, आणि सगळ्यावर पिठासारखा पसरलेला लाकडाचा भुसा. गेले चार महिने त्या टेबलावर एकच काम होतं: शहराच्या मध्यावरचं नवं स्टेशन, जिथं रेल्वेचे चार मार्ग जमिनीखाली एकत्र येणार होते. साहेबांनी, म्हणजे ऑफिसातल्या म्हाताऱ्या आर्किटेक्टनी, त्याचं छत असं काढलं होतं की नकाशा बघून ताई म्हणाली होती, "साहेब, हे करायचं कसं?" एक मोठी कमान, तिच्या तीनशे बारा फासळ्या, आणि फासळ्यांच्या मधून गोल झरोके, रस्त्यावरचा उजेड थेट फलाटापर्यंत उतरावा म्हणून. खऱ्या स्टेशनात त्या फासळ्या काँक्रीटच्या व्हायच्या होत्या. ताईच्या टेबलावर त्या नखाएवढ्या जाडीच्या लाकडी पट्ट्या होत्या, आणि एकेक पट्टी चिमट्यानं उचलून, सरस लावून, श्वास रोखून बसवायची होती.

हात चालू असला की तिचं तोंडही चालू असे. गाणं म्हणजे तिचंच, जुळेल तसं जुळवलेलं:

कापून पट्टी केली, पट्टीची केली ओळ,
उजेड आला पाहुणा, त्याला झरोका गोल.

"पाहुण्याला चहा तरी विचारलास का?" दारातून दादा म्हणाला.

दादा तिचा थोरला भाऊ. पूर्वी पुलांवर वेल्डर होता. नदीच्या वर उंच तुळईवर घोड्यावर बसावं तसा बसून काम करायचा. आता त्याची मूत्रपिंडं थकली होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. बहीण-भाऊ दोघंच, त्यातल्याच एका मार्गाच्या अगदी शेवटच्या स्टेशनाजवळ राहत. इस्पितळ ताईच्या ऑफिसच्याच गल्लीत, म्हणून सुटला की तो तिच्या खोलीत येऊन टेकायचा. दंडाला पट्टी, आणि चेहरा ओल्या कागदासारखा.

"बस. आणि जोरात श्वास सोडू नकोस, पट्ट्या उडतील."

"मी जोरात श्वास सोडला तर मीच उडेन, ठमे."

साहेबांनी या वेळी एक वेगळी मागणी केली होती. मॉडेलच्या टोकाची भिंत खाचेत सरकती ठेव, म्हणाले होते; कुणाला वाटलंच तर फलाटावर उभं राहिल्यासारखं आतून बघता येईल. ती भिंत अजून बसायची होती. दादानं स्टूल ओढलं, हनुवटी टेबलाला टेकवली आणि त्या उघड्या टोकातून आत बघत राहिला. ताईच्या चार पट्ट्या लागल्या तरी तो हलेना.

"झोपलास का रे?"

"गप गं." मग बऱ्याच वेळानं, "हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? गाडीनं जाणाऱ्यांसाठी."

"आपल्यासारख्या?"

"सगळ्यांसाठी."

"तिकीट तेवढंच?"

"तेवढंच."

तो पुन्हा आत बघू लागला. "आपल्या स्टेशनात माणसं मान खाली घालून चालतात. काहीतरी चोरलंय आणि घेऊन पळतोय, असं वाटतं प्रत्येकाकडे बघून. इथं माणूस सरळ उभा राहील." मग म्हणाला, "तुळईवर बसलं की असं वाटायचं मला. छातीत जागा झाल्यासारखं."

पुलाचं नाव त्यानं किती तरी वर्षांत काढलं नव्हतं. ताईनं चिमटा खाली ठेवला, गुडघे वाकवले आणि त्याच्या गालाला गाल लावून आत पाहिलं. खिडकीतला उजेड झरोक्यांतून ठिपक्याठिपक्यांनी फलाटावर सांडला होता. एकतीस वर्षांत केलेल्या एकाही छताखाली आपण कधी उभ्या राहिलो नाही, हे तिला तेव्हा कळलं.

मंगळवारी दादा पडला.

शेवटच्या स्टेशनाला फलाटापासून रस्त्यापर्यंत बासष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. डायलिसिसहून परतताना त्याच्या पायांत शिसं भरलेलं असे. वर चढता चढता गुडघा सुटला आणि तो घसरत आठ-दहा पायऱ्या खाली आला. हाड वाचलं, कपाळ फुटलं. दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून वर आणलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "पायऱ्यांना माझी आठवण येत होती. भेटून आलो."

बुधवारी खर्चाचे आकडे बघणारा इंजिनिअर ताईच्या खोलीत डोकावला. "ताई, जीव ओतलात, पण तुमचं छत बहुतेक जाणार बरं का. सपाट छत घातलं तर वाचलेल्या पैशांत तीन जुन्या स्टेशनांना लिफ्ट बसते. शुक्रवारी समितीपुढे ठेवतोय."

"कुठली तीन?"

त्यानं कागद उघडून वाचून दाखवली. तिसरं नाव त्यांच्याच स्टेशनाचं होतं.

त्या दुपारी ताईनं टोकाची भिंत हातात घेतली. खाच तयार होती, भिंत तिच्यात लोण्यात सुरी जावी तशी सरकत होती. तिनं ब्रश सरसात बुडवला, खाचेतून फिरवला, भिंत बसवली आणि वाळेपर्यंत दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. मग कडेनं निघालेला सरस पुसला, काचपेपर मारला. सांधा दिसेनासा झाला. छत मात्र नेहमीसारखं सुटं ठेवलं.

शुक्रवारी सकाळी स्टेशनाचा पैसा मंजूर करणारी समिती तिच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसली. सात सभासद, मध्ये अध्यक्षबाई. बाई तोंडानं कडक, पण कुणाचं फुकट ऐकून घ्यायच्या नाहीत आणि कुणाला फुकट बोलायच्याही नाहीत, अशी ख्याती. मॉडेलचं कुठं काही निखळलं तर असावी म्हणून ताई भिंतीशी उभी होती.

बाईंनी आल्या आल्या छत उचललं. "हं. म्हणजे ते हे." आणि टेबलावर उलटं ठेवलं. तीनशे बारा पट्ट्यांची कमान टोपलीसारखी पडून राहिली. शेजारच्या सभासदानं त्यात आपला मोबाइल ठेवला. आज पहिल्यांदाच ताईला ते बघवेना.

"साहेब," बाई म्हणाल्या, "या टोपलीपायी आम्ही तीन स्टेशनांच्या लिफ्ट अडवायच्या? लोक स्टेशनात राहायला येतात का? येतात नि जातात."

साहेब उठले. हा माणूस पेन्सिलीनं बोलणारा. तोंडानं बोलायचं म्हटलं की अडखळायचा. "येतात नि जातात. रोज. रोज वीस मिनिटं, चाळीस वर्षं. त्यांच्यातल्या किती जणांच्या घराला उंच छत आहे? कोर्टाला असतं. बँकेला असतं. तिथं माणूस कधीतरी जातो. आणि जिथं रोज जातो, तिथं आपण त्याला... गोदामातल्या मालासारखं..."

"माल वेळेवर पोचला म्हणजे झालं की, साहेब," मोबाइलवाले सभासद म्हणाले. हशा पिकला.

साहेब लालेलाल झाले. "एकदा आतून बघा. एवढंच म्हणतो. टोकाची भिंत सरकते."

त्यांनी भिंतीला हात घातला. भिंत सरकेना. पुन्हा ओढली. मग त्यांचा अंगठा सांध्यावरून हळूहळू फिरला, खालपासून वरपर्यंत, आणि त्यांनी मान वर करून ताईकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलणार. सगळ्यांदेखत विचारणार.

"अडकलीय बहुतेक," साहेब म्हणाले. "राहू दे. ताईचं काम नेहमीच घट्ट असतं."

ते खाली बसले आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.

"मग मत घेऊया," बाई म्हणाल्या.

"थांबा."

त्या खोलीत ताईचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. ती पुढे आली, अंगावरच्या एप्रनच्या खिशातून कटर काढला आणि पातं सांध्यात घातलं. वाळलेला सरस कटकट तुटत गेला. भिंत निघाली, पण कडेचं लाकूडही टवके निघून फाटलं. मग तिनं उलटं पडलेलं छत उचललं, मोबाइल काढून ज्याचा त्याच्या हातात दिला, छत जागच्या जागी बसवलं.

"भिंत मी चिकटवली होती. मुद्दाम. माझा भाऊ मंगळवारी त्या तिसऱ्या स्टेशनाच्या जिन्यात पडला. मला लिफ्ट हवी होती, म्हणून तुम्हाला आतलं दिसू नये अशी तजवीज केली. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आता बघा, आणि मग काय ते ठरवा."

 अध्यक्षबाई वाकल्या. तेवढ्यानं दिसेना, तेव्हा खुर्ची मागे सारून सरळ जमिनीवर गुडघे टेकले. बाहेर ढगाआडून ऊन येत-जात होतं. ते येईल तसे फलाटावरचे ठिपके उजळत आणि विझत होते. बाई बराच वेळ तशाच राहिल्या. उठताना टेबलाला धरून उठल्या.

"तुम्हीच सांगा मग. तुम्हाला काय हवंय? छत की लिफ्ट?"

"दोन्ही."

"दोन्ही होत नाही म्हणून तर बैठक आहे."

"बाई, ही तुमची इमारत. खाली केवढं उंच छत आहे, आणि मी वर आले ती लिफ्टनंच. बांधताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का, यातलं एकच काय ते सांगा म्हणून? आम्हालाच कसं दर वेळी निवडायला लावता?"

 बाईंनी हातातला कागद दोनदा घडी घालून दोनदा उलगडला.

चार विरुद्ध तीन. छत मंजूर झालं. लिफ्ट पुढच्या टप्प्यात. गुडघे टेकून बघणाऱ्या बाईंनी मत लिफ्टच्या बाजूनं दिलं. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण पडलेल्या माणसाचं ऐकल्यावर माझा हात दुसरीकडे जाईना."

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी ताईला गाठलं. "पुढचा टप्पा दोन वर्षांत, म्हणतात."

"दोन म्हणजे चार."

"हो," साहेब म्हणाले. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. "मी भावाला भेटायला येऊ का?"

"आत्ता नको, साहेब. आधी मलाच त्याच्यासमोर जायचंय."

घरी दादा खिडकीशी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत लावत होता. ताईनं चप्पलसुद्धा न काढता उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सरसापासून मतापर्यंत. त्यानं हातातली गोळी तशीच धरली.

"मी पडलो, हे तू त्यांना सांगितलंस?"

"हो."

"परक्या माणसांना."

"हो, दादा."

"आधी मला न विचारता भिंत चिकटवलीस. मग मला न विचारता फोडलीस. दोन्ही वेळेला नाव माझं."

ताईनं पायातली चप्पल काढली. मग म्हणाली, "विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"ते आता कशाला? विचारलं नाहीस ना."

त्यानं गोळी कप्प्यात टाकली, झाकण लावलं, दुसरा कप्पा उघडला. रात्रीचं जेवण दोघांनी न बोलता केलं. ताटं उचलताना त्यानं खालमानेनं विचारलं, "बघितलं का तरी कुणी? आतून?"

"अध्यक्षबाई गुडघ्यावर बसल्या."

"गुडघे चांगले असतील बाईंचे."

ती हसली, तो हसला नाही.

शनिवारी डायलिसिसचा दिवस. ताईनं ऑफिसात कळवून टाकलं, यापुढं दर शनिवारी उशिरा येईन, मंगळवार-गुरुवारचंही बघते. स्टेशनाच्या जिन्याच्या तोंडाशी दादानं कठडा धरला आणि दुसरा हात स्वतःच्या खिशात घातला. ताई त्याच्या एक पायरी खाली गेली आणि त्याच्याकडे तोंड करून उलटी उतरू लागली. तो पुढे कोलमडलाच तर तिच्यावर पडावा, पायऱ्यांवर नको. माणसं दोन्ही अंगांनी घाईनं उतरत होती. कुणी त्रासून बघत होतं, कुणी वाट देत होतं.

"पुढं बघून चाल," दादा म्हणाला. "पडशील."

"मला मागचं दिसत नाही. तू सांग."

 दोन पायऱ्या झाल्या, चार झाल्या. मधल्या सपाटीवर तो दम खायला थांबला. खिशातला हात त्यानं बाहेर काढला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. हात जड होता.

"मागं एक बाई येतेय, कडेवर पोर आहे," तो म्हणाला. "डावीकडे हो. हं. आता उतर."